घरगुती बिअरसाठी विजेवर चालणारी यंत्रणा आणि तिचे नियंत्रण पॅनल: किती स्वयंचलित करावे?

डेन्व्हरकर

नमस्कार. मी कोलोराडोत डेन्व्हरजवळ राहतो आणि बरीच वर्षे घरी बिअर बनवतो. आतापर्यंत अंगणात प्रोपेनच्या शेगडीवर काम भागवले. परंतु इथल्या हिवाळ्यात वाऱ्यापासून ज्योत सांभाळत उभे राहण्याचा कंटाळा आल्यामुळे सगळा खटाटोप तळघरात, विजेवर आणायचे ठरवले आहे. कायद्याची अडचण नाही. १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे अमेरिकेत दोन प्रौढ असलेल्या कुटुंबाला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर स्वतःसाठी कर न भरता बनवता येते. ती विकता मात्र येत नाही.

माझा आराखडा असा आहे: ५७ लिटरचे स्टेनलेस स्टीलचे एकच भांडे, त्यात २४० व्होल्टवर चालणारे ५५०० वॉटचे हीटिंग एलिमेंट, आत भरडलेल्या मॉल्टसाठी (मोड आणून वाळवलेल्या धान्यासाठी) जाळीची टोपली, आणि खालून द्रव खेचून वरून पुन्हा टोपलीत सोडणारा चुंबकीय पंप. एका वेळी १९ लिटर बिअर पुरे आहे. तळघरात कपडे वाळवण्याच्या यंत्रासाठी ३० अँपिअरचे, चार पिनांचे सॉकेट आधीपासून आहे.

शंका तीन आहेत. पहिली, एका भांड्यावर समाधान मानावे की तीन भांड्यांची, गरम पाण्यातील नळीच्या वेटोळ्यातून द्रव फिरवणारी यंत्रणा करावी, जिच्यासाठी बहुधा ५० अँपिअरचे सर्किट घ्यावे लागेल? दुसरी, तयार पीआयडी कंट्रोलर (तापमान लक्ष्यावर धरून ठेवणारे उपकरण) घ्यावा की रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि त्यावर चालणारी क्राफ्टबिअरपायसारखी बिअरसाठीची मुक्त प्रणाली वापरावी? तिसरी, पॅनलमध्ये सुरक्षिततेसाठी नेमके काय टाळता येणार नाही? व्यवसायाने मी सॉफ्टवेअरमधला असल्यामुळे सगळेच कोडने सोडवण्याकडे माझा कल आहे, म्हणून मुद्दाम इथे विचारतो आहे.

पॅनलवाला, भोसरी

बिअरमधले मला काही कळत नाही, परंतु पॅनल बांधणे हा माझा रोजचा धंदा असल्यामुळे तिसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो.

आपल्याकडचा माणूस अमेरिकेतले २४० व्होल्ट पाहून हमखास एका गोष्टीत फसतो. आपल्या घरात २३० व्होल्ट म्हणजे एक फेज आणि एक न्यूट्रल; तिथे मात्र २४० व्होल्टच्या दोन्ही तारा जिवंत असतात आणि प्रत्येकीचा अर्थशी दाब १२० व्होल्ट असतो. एलिमेंटला वीज देणारा सॉलिड स्टेट रिले (इलेक्ट्रॉनिक स्विच), म्हणजे एसएसआर, बहुतेक आराखड्यांत एकाच तारेत बसवलेला असतो. तो बंद झाला तरी दुसऱ्या तारेतून एलिमेंटपर्यंत १२० व्होल्ट पोहोचलेलेच असतात. शिवाय एसएसआर बंद असतानाही त्यातून काही मिलिअँपिअर गळती होत राहते. त्यामुळे ‘दिवा विझला म्हणजे वीज गेली’ असे समजून भांड्यात हात घालणारा माणूस केवळ नशिबावर विसंबून असतो.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. एसएसआर बिघडतो तेव्हा तो बहुतांश वेळा चालू अवस्थेतच अडकतो. तापमान कितीही चढले आणि तुमच्या प्रणालीने कितीही वेळा ‘बंद’ म्हटले, तरी एलिमेंट तापतच राहते. म्हणून एसएसआरच्या आधी दोन्ही तारा तोडणारा दोन पोलांचा कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने चालणारा मोठा स्विच) हवा आणि त्याच्या कॉइलचा पुरवठा दारावरच्या किल्लीच्या स्विचमधून व मश्रूम बटणातून (आणीबाणीच्या मोठ्या बटणातून) गेला पाहिजे. मश्रूम बटण दाबल्यावर कॉइलची वीज थेट तुटली पाहिजे. मध्ये कोणताही संगणक नको. काही आराखड्यांत हे बटण मुद्दाम थोडा प्रवाह अर्थमध्ये सोडून गळती-संरक्षक ब्रेकर पाडते. ती क्लृप्ती चालते, पण मला ती पसंत नाही, कारण संकटाच्या वेळी ब्रेकर नीट पडेल यावर आपण अवलंबून राहतो.

गळती-संरक्षण तर हवेच. आपल्याकडे घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. तिथला जीएफसीआय साधारण ५ मिलिअँपिअरलाच पडतो. ओल्या जमिनीवर, हातात धातूची पळी धरून काम करणाऱ्यासाठी तोच योग्य आहे. अनेक जण गरम पाण्याच्या टबसाठी मिळणारी ५० अँपिअरची स्पा पेटी मध्ये जोडतात, कारण ती स्वस्त पडते. त्याला हरकत नाही; परंतु त्या पेटीमुळे सर्किट ५० अँपिअरचे होत नाही, तारेचे रक्षण मूळचा ३० अँपिअरचा ब्रेकरच करतो, हे ध्यानात ठेवावे. भांड्याला अर्थिंग स्वतंत्र स्क्रूने, दातेरी वॉशर लावून पक्के करावे. एलिमेंटच्या मागच्या डबीत पाणी शिरणार नाही अशी ग्लँड (केबल आत घेणारी घट्ट जोडणी) वापरावी.

आता आकडे. ५५०० भागिले २४० म्हणजे सुमारे २३ अँपिअर. ३० अँपिअरच्या सर्किटवर सलग भारासाठी ८० टक्के, म्हणजे २४ अँपिअर धरतात, तेव्हा एक एलिमेंट बसते आणि दोन बसत नाहीत. एसएसआर ४० अँपिअरचा घ्या. त्यावर साधारण सव्वा व्होल्टचा दाब पडतो, म्हणजे पूर्ण प्रवाहात तीसेक वॉट उष्णता निघते. हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा पंखांचा धातूचा ठोकळा) पेटीच्या बाहेर, पंख उभे राहतील असा बसवा. बंद पेटीत ठेवलात तर आतली हवा भट्टीसारखी तापेल आणि पहिला बळी कंट्रोलरचा जाईल. तारांच्या टोकांना फेरूल (दाबून बसवायची धातूची टोपी) लावायचा आळस करू नका. उघड्या पिळाच्या तारेचा एक केस जरी टर्मिनलच्या बाहेर राहिला, तरी वाफेच्या खोलीत तो कधी ना कधी दगा देतो.

तळघरातली भट्टी

मी मिशिगनमध्ये दोन्ही पद्धती वापरल्या आहेत, म्हणून पहिल्या शंकेविषयी लिहितो.

तीन भांड्यांच्या यंत्रणेत मॉल्टचा द्रव एलिमेंटला शिवत नाही; तो गरम पाण्यात बुडवलेल्या, सुमारे १५ मीटर लांबीच्या स्टीलच्या वेटोळ्यातून जातो आणि पाण्याइतका तापून परततो. तापमान हळूवार बदलते आणि द्रव करपण्याचा प्रश्नच येत नाही. परंतु भांडी तीन, पंप दोन, नळ्यांचे जंजाळ, आणि शेवटी धुवायचे तेही सगळे तिप्पट. तुम्ही एका वेळी १९ लिटरच बनवणार असाल, तर हा थाट मला अनाठायी वाटतो. ३० लिटर पाणी १५ अंशांवरून ६८ अंशांवर नेण्यास ५५०० वॉटला गणिताने २० मिनिटे लागतात आणि मॅश (मॉल्ट गरम पाण्यात धरून ठेवण्याचा टप्पा) झाल्यावर उकळीपर्यंत जेमतेम १० ते १२ मिनिटे. दुसऱ्या एलिमेंटसाठी ५० अँपिअरची नवी तार ओढून या वेळात फारसे काही वाचणार नाही.

एका भांड्याच्या पद्धतीतला खरा धोका निराळा आहे. मॉल्ट फार बारीक भरडले तर टोपलीच्या तळाशी चिकट थर बसतो. वरून सोडलेला द्रव खाली झिरपत नाही आणि पंप मात्र खालचा द्रव खेचतच राहतो. काही मिनिटांत टोपली काठोकाठ भरते आणि तिच्याखाली एलिमेंट उघडे पडते. कोरड्या एलिमेंटवर चिकटलेली साखर अशी करपते की त्या खेपेच्या बिअरला जळका वास येतोच. म्हणून पंपाचा नळ अर्धवटच उघडावा, टोपलीच्या मधोमध जादा द्रव खाली सोडणारी उभी नळी ठेवावी, आणि एलिमेंट कमी वॉट-घनतेचे (पृष्ठभागाच्या मानाने कमी वॉटचे), दुमडलेले व लांब घ्यावे. चुंबकीय पंप स्वतःहून द्रव वर ओढत नाही. तो भांड्याच्या तोंडाखाली बसवावा आणि आधी त्यात द्रव भरून हवा काढून टाकावी.

तुम्ही डेन्व्हरला आहात म्हणून एक खास सूचना. समुद्रसपाटीपासून १६०० मीटर उंचीवर पाणी सुमारे ९५ अंशांवरच उकळते. कंट्रोलरला १०० अंशांचे लक्ष्य दिले तर ते कधीच गाठले जाणार नाही. तो एलिमेंट पूर्ण क्षमतेने चालवत राहील, फेस भांड्याबाहेर येईल आणि हव्या त्याच्या दुपटीने पाणी उडून जाईल. उकळीच्या वेळी तापमानावर नियंत्रण ठेवण्यात अर्थच नसतो. तेव्हा कंट्रोलर हाताने टक्केवारी देण्याच्या पद्धतीवर न्यावा. तासाला ४ लिटर वाफ हवी असेल तर त्यासाठी सुमारे अडीच किलोवॉट लागतात. भांड्याची उष्णता-गळती धरून ५० ते ६० टक्क्यांवर उकळी छान खळखळते. कमी तापमानाच्या उकळीत हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणाही थोडा कमी उतरतो, तेव्हा कडूपणासाठी घालायचे हॉप्स जरा सढळ हाताने घ्यावेत.

आणि ती ४ लिटर वाफ जाणार कुठे? पॅनलवर शंभर तास घालवणारे लोक याचा विचार सगळ्यात शेवटी करतात. तळघराच्या भिंतींवर पाणी ओघळू लागले की बुरशी आलीच. झाकण घट्ट लावून हा प्रश्न सोडवू नका, कारण उकळीत उडून जायला हवीत अशी काही गंधकयुक्त द्रव्ये आतच राहतात आणि बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो. खिडकीतून थेट बाहेर हवा फेकणारा हूड बसवा, किंवा थंड पाण्याच्या फवाऱ्याने वाफ जागीच जिरवणारे झाकण घ्या. दुसऱ्या उपायात एलिमेंटची वीजही कमी लागते.

डेन्व्हरकर

दोघांचेही मनापासून आभार. एक भांडे आणि ३० अँपिअर हे आता नक्की झाले. रास्पबेरी पायचा मोह मात्र सुटत नाही. मॅशचे टप्पे आपोआप बदलावेत, प्रत्येक वेळचा तापमानाचा आलेख जपून राहावा आणि वरच्या मजल्यावर बसून तो फोनवर दिसावा, एवढीच अपेक्षा आहे. यात चूक काय?

पीटी-१००

चूक काहीच नाही. प्रश्न कामाच्या वाटणीचा आहे. मी उपकरण-नियंत्रणाच्या क्षेत्रात असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

मॅशमध्ये तापमानाला इतके महत्त्व का, ते आधी पाहू. ६२ ते ६५ अंशांच्या आसपास बीटा अमायलेज हे विकर जोमात असते आणि यीस्टला सहज पचणारी साखर जास्त तयार होते, त्यामुळे बिअर हलकी व कोरडी उतरते. ७० च्या आसपास अल्फा अमायलेजचे राज्य असते आणि बिअर भरीव होते. म्हणजे तीन-चार अंशांच्या फरकाने एकाच मॉल्टची दोन वेगळी पेये होतात. अचूकता हवी ती इथेच. उकळीला ती लागत नाही, हे वर आलेच आहे.

ही अचूकता कंट्रोलरपेक्षा सेन्सरच्या जागेवर जास्त अवलंबून असते. सेन्सर एलिमेंटजवळ बसवलात तर कंट्रोलर आधीच हात आखडेल आणि मॉल्ट थंड राहील. टोपलीच्या मध्यभागी ठेवलात तर तिथवर उष्णता पोहोचेपर्यंत खालचा द्रव लक्ष्याच्या बराच पुढे गेलेला असेल. पंपाकडे जाणाऱ्या वाटेवर, भांड्याच्या तोटीनंतरच्या टी-जोडात तो बसवणे सगळ्यात बरे, परंतु मग पंप थांबला की वाचन खोटे ठरते. म्हणून पंप बंद असताना एलिमेंट चालूच होणार नाही अशी जोडणी तारांनीच करावी, आणि शक्य असेल तर त्यात द्रवाचा प्रवाह दाखवणारा स्विचही घालावा.

सेन्सर पीटी-१०० घेतलात तर तीन तारांचा घ्या. त्याचा रोध शून्य अंशाला १०० ओहम आणि १०० अंशांना १३८.५ ओहम असतो, म्हणजे एका अंशाला ०.४ ओहमपेक्षाही कमी फरक पडतो. लांब केबलचा स्वतःचा रोध सहज तेवढा भरतो. तिसरी तार तोच वजा करण्यासाठी असते. रास्पबेरी पायबरोबर वापरला जाणारा डीएस१८बी२० हा डिजिटल सेन्सर अर्ध्या अंशापर्यंत अचूक आहे आणि मॅशसाठी तो पुरतो. मात्र पायच्या पिनेवर ३.३ व्होल्टच मिळतात आणि एसएसआरची खालची मर्यादा साधारण ३ व्होल्ट असते. इतक्या काठावर जगण्यापेक्षा मध्ये ट्रान्झिस्टर घालून ५ किंवा १२ व्होल्टने एसएसआर चालवावा.

पायची खरी अडचण तो अडकल्यावर कळते. प्रणाली गोठली त्या क्षणी पिन ‘चालू’ असेल तर ती तशीच राहू शकते. तयार पीआयडी कंट्रोलर दिसायला ओबडधोबड, पण एकच काम वर्षानुवर्षे करण्यासाठी घडवलेला असतो. माझे मत विचाराल तर एलिमेंटची सूत्रे पीआयडीच्या हातात द्या, आणि संदेशवहनाची सोय असलेला कंट्रोलर घेऊन पायकडून फक्त लक्ष्य-तापमान पाठवा व नोंदी ठेवा. पाय मध्येच बंद पडला तरी मॅश शेवटच्या लक्ष्यावर टिकून राहील. पंप रिकाम्या भांड्यावर चालू असताना ऑटोट्यून (कंट्रोलरने स्वतःला यंत्रणेशी जुळवून घेणे) करू नका. नेहमीइतके पाणी आणि नेहमीचा प्रवाह ठेवून, ५० अंशांच्या वर गेल्यावर करा.

ठाणेकर

सगळे वाचून हात शिवशिवू लागले आहेत. इथे ठाण्यात असा प्रयोग करता येईल का?

तळघरातली भट्टी

परवान्याविना करता येणार नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि घरी स्वतःपुरती बिअर बनवणे हेही त्यात विनापरवाना मद्यनिर्मितीच ठरते. भांडे, पंप आणि कंट्रोलर एवढीच हौस असेल तर हाच संच दूध ठरावीक तापमानाला धरून चीज करण्यासाठी वापरता येतो. फक्त दूध एलिमेंटवर भयंकर लागते, तेव्हा तिथे गरम पाण्याच्या वेटोळ्याची पद्धतच घ्यावी लागेल.

पॅनलवाला, भोसरी

डेन्व्हरकर, पॅनल बांधून झाले की मुख्य सॉकेटला लावण्याआधी एलिमेंट सुटे करून सातत्य आणि अर्थिंग मीटरने तपासा. एलिमेंटच्या दोन टोकांमध्ये साडेदहा ओहमच्या आसपास आणि टोक ते भांडे यांच्यामध्ये अनंत रोध दिसला पाहिजे. त्यानंतर भांड्यात पाणी भरून, जीएफसीआयचे चाचणी-बटण दाबून तो पडतो हे पाहा. मग मश्रूम बटण दाबा आणि कॉन्टॅक्टरच्या पुढच्या दोन्ही तारा मृत झाल्याची खात्री मीटरनेच करा. सॉकेटपासून मागचे काही बदलायचे असेल तर तिथल्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनलाच बोलवा. दार बंद करण्यापूर्वी वायरिंगचा फोटो इथे टाकलात तर मी नजर फिरवीन.