घरी रेकॉर्ड केलेल्या चार डीव्हीडी एकाच डिस्कवर कशा आणाव्यात?

जुनीफीत

कॅमकॉर्डरच्या जुन्या टेपांवरून डीव्हीडी रेकॉर्डरच्या साहाय्याने उतरवून घेतलेल्या चार डीव्हीडी माझ्याकडे आहेत आणि प्रत्येकीवर सुमारे एक तासाचे घरगुती चित्रीकरण आहे. हे सर्व एकाच डिस्कवर घेऊन टीव्हीला जोडलेल्या साध्या डीव्हीडी प्लेअरवर पाहता यावे, अशी इच्छा आहे. पहिली डिस्क एक्सपी मोडमध्ये (उच्च दर्जा, जास्त जागा) रेकॉर्ड झालेली असून संगणक तिचा आकार ४.२ जीबी दाखवतो. बाकीच्या तीन साधारण दर्जाच्या एसपी मोडमधील आहेत आणि त्यांपैकी उघडणाऱ्या दोन डिस्क प्रत्येकी २.१ जीबीच्या आहेत.

अडचणी तीन आहेत. पहिल्या दोन्ही डिस्कवर ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर असून त्यांतील फाइलींची नावे तंतोतंत सारखी आहेत, त्यामुळे त्या एकत्र कॉपी करता येत नाहीत. तिसऱ्या डिस्कवर तो फोल्डरच नाही. त्याऐवजी ‘डीव्हीडी आरटीएव्ही’ नावाचा फोल्डर आणि त्यात व्हीआरओ प्रकारची एकच मोठी फाइल आहे. चौथी डिस्क रेकॉर्डरवर व्यवस्थित चालते, परंतु संगणक ती कोरी असल्याचे सांगतो. चित्राचा दर्जा शक्यतो न घसरू देता हे काम कसे करावे?

बिटगणित

चौथ्या डिस्कपासून सुरुवात करावी, कारण तिच्या बाबतीत नुकसान होण्याची शक्यता सर्वाधिक आहे. ती बहुधा फायनलाइज केलेली नाही, म्हणजे इतर यंत्रांना वाचता यावी यासाठीची शेवटची नोंद तिच्यावर झालेली नाही. संगणकाने ‘ही डिस्क फॉरमॅट करायची आहे का?’ असे विचारल्यास कोणत्याही परिस्थितीत होकार देऊ नये. ज्या रेकॉर्डरवर ती तयार झाली त्यातच ती पुन्हा घालून त्याच्या मेनूमधून फायनलाइज करावी. रेकॉर्डर बंद पडलेला असल्यास आयसोबस्टरसारखे सॉफ्टवेअर अशा डिस्कवरील मजकूर वाचू शकते, परंतु रेकॉर्डर चालू असेपर्यंत त्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

तिसरी डिस्क व्हीआर (व्हिडिओ रेकॉर्डिंग) पद्धतीने रेकॉर्ड झालेली आहे. त्या एका व्हीआरओ फाइलमध्ये सगळी रेकॉर्डिंग्ज एकापाठोपाठ एक साठवलेली असतात आणि कोणते कुठे सुरू होते याची नोंद शेजारच्या आयएफओ (माहिती देणाऱ्या) फाइलमध्ये असते. आतील मजकूर मात्र एमपेग-२ या डीव्हीडीच्या नेहमीच्याच व्हिडिओ स्वरूपात असतो. त्यामुळे ती फाइल हार्ड डिस्कवर घेऊन तिच्या नावाचा शेवट बदलून ‘एमपीजी’ केला, तरी बहुतेक सॉफ्टवेअर ती स्वीकारतात.

आता फाइलींच्या नावांविषयी. नावे बदलून सगळ्या व्हीओबी (चित्र-आवाजाच्या) फाइली एका फोल्डरमध्ये ठेवल्या, तरी त्यांची डीव्हीडी होत नाही. कोणते शीर्षक, कोणता चॅप्टर डिस्कच्या नेमक्या कोणत्या सेक्टरवर आहे हे आयएफओ फाइलींमध्ये लिहिलेले असते. फाइली हलवल्या की ते सगळे पत्ते चुकतात. म्हणून प्रत्येक डिस्क प्रथम हार्ड डिस्कवरील वेगवेगळ्या फोल्डरमध्ये संपूर्ण उतरवून घ्यावी आणि त्यानंतर नवी डीव्हीडी नव्याने ऑथर करावी, म्हणजे मेनू आणि पत्त्यांसह रचावी. डीव्हीडीस्टायलर हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसे आहे. त्यात प्रत्येक व्हिडिओच्या गुणधर्मांमध्ये ‘कॉपी’ हा पर्याय निवडला, की चित्र पुन्हा एनकोड न होता, म्हणजे नव्याने दाबले न जाता, जसेच्या तसे घेतले जाते. डीव्हीडी श्रिंकच्या ‘री-ऑथर’ मोडमध्येही वेगवेगळ्या डिस्कवरील शीर्षके एकत्र करता येतात, मात्र मूळ मेनू राहत नाहीत. शिवाय २००४ नंतर त्याची नवी आवृत्ती आलेली नाही आणि मजकूर जागेत मावत नसेल तर ते स्वतःच चित्र दाबते, म्हणजे दर्जा कमी करून आकार घटवते.

खरा प्रश्न जागेचा आहे. साध्या डीव्हीडीवर छापलेले ४.७ जीबी संगणकाच्या हिशेबात सुमारे ४.३८ होतात, तर दुहेरी थराच्या डीव्हीडीवरील ८.५ जीबी हे ७.९ च्या थोडे वर. चौथी डिस्कही २.१ जीबीची धरली, तर आपला एकूण मजकूर साडेदहा जीबी आहे. चार तास साध्या डिस्कवर बसवायचे, तर आवाजासह प्रत्येक सेकंदाला सरासरी २.६ मेगाबिट एवढीच जागा मिळते. डीव्हीडीच्या नियमांत चित्रासाठी ९.८ मेगाबिटपर्यंत मुभा आहे आणि आपल्या एसपी डिस्क पाच मेगाबिटच्या आसपास असतील. हातात धरलेल्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण सतत हलते, टेपचा दाणेदारपणाही त्यात असतो आणि एमपेग-२ ला हे दोन्ही जड जाते. निम्म्या बिटरेटवर (सेकंदाला मिळणाऱ्या बिटांवर) धावणारी माणसे चौकोनी तुकड्यांत फुटलेली दिसतील. हे मला मान्य होणार नाही.

दुहेरी थराची डिस्क घेतली, तर परिस्थिती बदलते. तीन एसपी डिस्कचे मिळून ६.३ जीबी होतात आणि ते हात न लावता तसेच राहू शकतात. उरलेल्या १.६ जीबीमध्ये फक्त एक्सपीची डिस्क बसवायची आहे. ती आवाजासह दहा मेगाबिटच्या जवळपास असल्याने तिच्यात दाबण्याजोगे बरेच काही आहे, आणि एक्सपी मोडमध्ये अनेक रेकॉर्डर आवाज एलपीसीएम स्वरूपात, म्हणजे अजिबात न दाबता, ठेवतात. तसा आवाज तासाला सुमारे ६९० एमबी खातो. तोच १९२ किलोबिटच्या एसी-३ या दाबलेल्या स्वरूपात ८६ एमबीत मावतो. चित्रासाठी साडेतीन मेगाबिट सरासरी ठेवून दोन टप्प्यांत एनकोडिंग केले, तर हिशेब जमतो. एनकोड करताना इंटरलेसिंग (प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन ‘फील्ड’मध्ये साठवण्याची पद्धत) काढू नये आणि फील्डचा क्रम मूळ फाइलीतीलच ठेवावा, अन्यथा टीव्हीवर हालचाल थरथरते.

थेटफाइल

वरील उत्तर अचूक आहे, तरीही मूळ हेतूविषयी मला शंका आहे. दर्जा जपायचा असेल, तर डीव्हीडीवरून डीव्हीडीवर जाण्यापेक्षा पहिल्या दोन डिस्कवरील आणि फायनलाइज झाल्यावर चौथीवरील शीर्षके मेकएमकेव्हीने एमकेव्ही फाइलींमध्ये काढावीत. त्यात पुन्हा एनकोडिंग होत नाही. त्या फाइली व्हीआरओसह हार्ड डिस्कवर ठेवाव्यात, आणि डिस्कच हवी असेल तर २५ जीबीच्या ब्लू-रे डिस्कवर डेटा म्हणून लिहाव्यात. सगळे साडेदहा जीबी तिथे आरामात राहतात.

अलीकडच्या बहुतेक टीव्हींना यूएसबी पोर्ट असते. त्यासाठी हँडब्रेकने एच.२६४ या अधिक कार्यक्षम व्हिडिओ स्वरूपात प्रती करता येतील. फक्त इंटरलेसिंग काढताना सेकंदाला २५ ऐवजी ५० फ्रेम मिळतील असा पर्याय निवडावा, म्हणजे मूळ चित्रीकरणातील हालचालीचा गुळगुळीतपणा टिकतो. एच.२६४ मध्ये दोन मेगाबिटला जे चित्र मिळते, तसे एमपेग-२ मध्ये त्याच बिटरेटला मिळत नाही. चार तास एका साध्या डीव्हीडीवर डेटा फाइली म्हणून मावतील, परंतु जुना प्लेअर त्या वाचणार नाही, हे लक्षात असू द्यावे.

जुनीफीत

दोघांचेही आभार. चौथी डिस्क रेकॉर्डरमध्ये फायनलाइज झाली आणि आता संगणकावर उघडते; तिचा आकारही २.१ जीबीच आहे. घरातील ज्येष्ठ मंडळींना रिमोटवरील एक बटण दाबून पाहता यावे हा हेतू असल्याने मी दुहेरी थराच्या डीव्हीडीचा मार्ग निवडत आहे; मूळ फाइली मात्र हार्ड डिस्कवर स्वतंत्रपणे ठेवीन.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. चारही भागांसाठी वेगवेगळी बटणे आणि ‘सर्व पाहा’ असे एक बटण ठेवता येईल का? आणि एक्सपीची डिस्क नव्याने एनकोड केल्यावर तिचा आवाज किंवा चित्राचा आकार इतर तिघींपेक्षा वेगळा असला, तर चालेल का?

बिटगणित

बटणांची सोय डीव्हीडीस्टायलरमध्ये आहे. प्रत्येक शीर्षकासाठी एक बटण ठेवावे आणि शीर्षक संपल्यावर पुढच्या शीर्षकावर जाण्याची आज्ञा द्यावी, म्हणजे चारही भाग सलग चालतात. दर पाच मिनिटांनी एक चॅप्टरही ठेवावा. एक तासाच्या सलग शीर्षकात पुढे-मागे जाणे ज्येष्ठांना त्रासदायक होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर टायटल सेटमध्ये, म्हणजे डिस्कवरील शीर्षकांच्या गटात, आहे. एका टायटल सेटमधील सर्व शीर्षकांच्या चित्राचा आकार, आस्पेक्ट रेशो (रुंदी-उंचीचे प्रमाण) आणि आवाजाचे स्वरूप सारखे असावे लागते. म्हणून एनकोड करताना चित्र ७२० गुणिले ५७६ आणि आवाज इतर तीन डिस्कसारखाच ठेवला, तर सगळे एकाच सेटमध्ये राहील. फरक टाळता येत नसेल, तर त्या शीर्षकासाठी स्वतंत्र टायटल सेट करावा. पाल आणि एनटीएससी या दोन टीव्ही पद्धती मात्र एका डिस्कवर एकत्र येत नाहीत.

थेटफाइल

एक भर घालतो. दुहेरी थराची डिस्क घ्यायचीच असेल, तर डीव्हीडी प्लस आर डीएल प्रकारची घ्यावी आणि लेखनासाठी इमगबर्न वापरावे, कारण थर कुठे बदलावा हे ते विचारते. दोन शीर्षकांमधील किंवा दृश्य बदलते अशा चॅप्टरच्या सुरुवातीची जागा निवडली, तर तिथे प्लेअर क्षणभर थबकला तरी ते जाणवत नाही. पहिल्या थरावरील मजकूर दुसऱ्यापेक्षा कमी असू शकत नाही आणि एका थरावर चार जीबीपेक्षा किंचित कमीच मावते, त्यामुळे पहिल्या दोन शीर्षकांचे ४.२ जीबी पहिल्या थरात बसत नाहीत: एक्सपीचा दाबलेला भाग शेवटी ठेवल्यास तो बिंदू दुसऱ्या शीर्षकाच्या शेवटच्या काही मिनिटांत येतो, म्हणून तिथे एक चॅप्टर सुरू होईल अशी सोय करावी. लिहिण्याचा वेग सर्वांत जास्त ठेवू नये आणि लेखनानंतरची ‘व्हेरिफाय’ची खूण काढू नये. जुने प्लेअर दुहेरी थराच्या रेकॉर्ड केलेल्या डिस्क कधीकधी नाकारतात, तेव्हा लेखनापूर्वी बुकटाइप (प्लेअरला डिस्कचा प्रकार सांगणारी नोंद) ‘डीव्हीडी-रॉम’ करावा. ड्राइव्ह ते करू देत असेल तर ही अडचण बहुतेक वेळा तिथेच मिटते.