मदत हवी आहे : आज्जांच्या पलटणीची माहिती कुठं मिळंल?

नमस्कार मंडळी, आमचे आज्जा गेल्या महिन्यात गेले, वय ८६. करवीर तालुक्यातलं गाव आमचं. फौजेत मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत (म्हणजे पहिल्या बटालियनमध्ये) होते, १९७१ च्या युद्धात आत्ताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत होते, ब्रह्मपुत्रा ओलांडून गेलो एवढंच सांगायचे आणि गप्प व्हायचे. पेन्शनवर आल्यावर सगळा जन्म ऊसात. गुऱ्हाळ होतं आमचं, काहिलीतला (रस उकळायच्या मोठ्या कढईतला) पाक बोटावर घेऊन गूळ उतरवायची वेळ ते बरोबर सांगायचे, गूळ करणारा गुळव्या पण त्यांनाच विचारायचा. पहाटे चारला उठून पाणी पाजायला जायचे ते अगदी ऐंशी पार केल्यावरसुद्धा.

वर्षश्राद्धाला त्यांच्यावर छोटी पुस्तिका काढायचीय, नातवंडांना कळाय पाहिजे ओ. पण २०१९ च्या महापुरात घरात पाणी आलं आणि त्यांचं फौजेतल्या नोकरीचं डिस्चार्ज बुक भिजलं, आता फक्त नंबर आणि नाव वाचता येतंय. ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ ही ७१ च्या युद्धाची दोन पदकं आहेत, त्यांच्या रिबिनी मात्र कुजल्यात.

तर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला नातवानं अर्ज केला तर सर्व्हिसची माहिती देतात का, की आज्जीची सही लागते? कागदं काय जोडायची? रिबिनी नव्या कुठं मिळतील? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज भागात जंगी पलटणीतले ७१ चे कोणी आजोबा असतील तर प्लीज सांगा, मी स्वतः येऊन भेटतो, जमालपूरला काय झालं ते त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.