फेब्रुवारीअखेर मुंबईत झाडं बघायला: राणीच्या बागेशिवाय काय?

पायवाट:
फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मंगळवार-बुधवार मुंबईत आहे. उर्वशी, कैलासपती आणि गोरखचिंच बघायचीत. पेंग्विन नकोत. राणीची बाग कधी करावी? एखादी खासगी जागाही सुचवा.

रानजाई:
बाग मंगळवारीच करा. बुधवारी बंद असते, आणि शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरलात की चालत जाता येतं. सकाळी साडेनऊला फाटक उघडताच आत शिरा. गर्दी पेंग्विनकडे वळते, झाडांपाशी शुकशुकाट असतो.

कैलासपती आधी गाठा. त्याची फुलं खोडातूनच फुटलेल्या लोंबत्या फांद्यांवर येतात, त्यामुळे मान वर करून शेंडा बघत बसू नका. पाकळ्या त्याच दिवशी गळतात, म्हणून ताजं फूल आणि वास हवा असेल तर सकाळच. तोफगोळ्यासारख्या फळांखाली मात्र उभं राहू नका, आणि फुटलेलं फळ नाकाजवळ तर मुळीच नेऊ नका!

गोरखचिंच तेव्हा बहुतेक निष्पर्ण असेल. खोडाचा घेर बघून समाधान माना. फूल पावसाच्या तोंडावर, तेही रात्री उमलतं.

कोवळं पान:
उर्वशीबद्दल थोडं, कारण इथेच हमखास गफलत होते. कोवळी पानं गुलाबी-तपकिरी, मलूल होऊन लोंबताना दिसली की लोक "उर्वशी!" म्हणून फोटो काढतात. ब्राउनिया या दुसऱ्या झाडाचीही कोवळी पानं तशीच लोंबतात. निवाडा फुलावर करा. ब्राउनियाचा लाल गुच्छ चेंडूसारखा गच्च असतो. उर्वशीचा घोस लांब, सैल. प्रत्येक फूल लांब देठावर सुटं, आणि लाल पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. झाड मूळचं ब्रह्मदेशातलं, दमट सावलीतलं, त्यामुळे घोस बरेचदा पानांआड असतात. बुंध्याजवळ उभं राहून आतून वर बघा. खाली पडलेली फुलं दिसली तर शोध सोपा.

रानजाई:
+१. आणि पाटीवर डोळे झाकून विश्वास नको. पाटी एका झाडाची आणि फांदी शेजारच्याची, असं कुठल्याही जुन्या बागेत होतं.

खाडीकाठ:
बुधवारसाठी विक्रोळी पूर्वेची गोदरेजची तिवरं. जागा खासगी आहे, आगाऊ परवानगीशिवाय थेट फाटकावर जाऊ नका. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून ओहोटीच्या दोनेक तास आधीची वेळ मागा, म्हणजे चिखलातून वर आलेली श्वसनमुळं दिसतील. भरतीला नुसतं पाणी. कोष्टक गेटवेजवळच्या अपोलो बंदरचं असेल तर खाडीत आत ओहोटी थोडी उशिरा येते, हे धरा. वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आदल्या आठवड्याचा अंदाज चालत नाही. चप्पल नको, बूट घाला.

परवानगी नाही मिळाली, तर धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. मिठीकाठी, पूर्वीच्या कचराभूमीवर उभं केलेलं सुमारे ३७ एकरांचं रान आहे. फुलपाखरं ऊन तापायला लागलं की उडतात. फार पहाटे जाऊन उपयोग नाही.

पायवाट:
परवानगीसाठी आजच मेल टाकतो. एकट्याला देतात का, की गटच लागतो?