दोन मशीनला एकच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), दुसरा कोण ते शोधायचं कसं?

हळदवाला: मंडळी, सांगलीत मार्केट यार्डात आमची अडत आहे, दहा-बारा कॉम्प्युटर, आणि चार दिवस झाले दुपार झाली की बिलिंगचा प्रिंटर गायब, पिंगला (मशीन नेटवर्कवर आहे का विचारणारी कमांड) उत्तर येतंय पण कागद काय निघत नाही. आयपी १९२.१६८.१.५०. डबल झालाय वाटतं.

तारवाला: प्रिंटरची केबल काढ, एआरपी डॅश डी (arp -d) कमांड मारून कुठला आयपी कुठल्या मशीनचा ही जुनी नोंद पूस आणि परत पिंग कर. उत्तर आलं की चोर आहेच. मग एआरपी डॅश ए (arp -a) टाकून मॅक, म्हणजे मशीनच्या नेटवर्क कार्डाचा नंबर बघ, पहिली सहा अक्षरं कंपनीची असतात, मोबाईल असला तर मात्र फसशील, हल्ली ते मॅक बनावटच दाखवतात.

पेंग्विन_साताऱ्याचा: लिनक्सवर आरपिंग (arping, ह्या आयपीचा मॅक कोणता असं विचारणारी कमांड) मार की, एका आयपीला दोन मॅकनी ओ दिली की झालं.

हळदवाला: घावला! मालकांच्या पोराचा मोबाईल, दुपारी डबा घेऊन येतो तेव्हा वायफायला चिकटतो 😅 डीएचसीपीची (आपोआप आयपी वाटणारी सोय) रेंज २ ते २५४ ठेवलेली, आणि प्रिंटरला ५० हातानं दिलेला.

तारवाला: मग दोष पोराचा नाही रे. रेंज १०० पासनं चालू कर म्हणजे ५० दुसऱ्या कुणाला वाटला जाणार नाही, प्रिंटर आहे तिथंच राहू दे.