शब्दचर्चा: ‘बाधक’ की ‘बाधित’?

मालवकन्या
एका शब्दावर अडले आहे. आमची गल्ली इंदुरात राजवाड्यापासून पायी दहा मिनिटांवर. रस्ता रुंद करायचाय म्हणून घराघरावर लाल निशाणं लागली आणि हिंदीत नोटीस आली: ‘बाधक निर्माण’ स्वतःहून काढून घ्या. बारा घरांनी मिळून हरकत द्यायचं ठरवलं. त्यातली पाच मराठी. म्हाताऱ्या मंडळींना सहीच्या आधी आपल्या भाषेत वाचायचंय, म्हणून मराठी मसुदा माझ्याकडे आला. मी लिहिलं, ‘आमची बाधित घरे’. शेजारच्या काकांनी ‘बाधित’ खोडून ‘बाधक’ केलं. म्हणाले, नोटिशीत आहे तेच लिही, अर्थ बदलू नकोस. पण आजेसासऱ्यांनी बांधलेल्या घराला ‘बाधक घर’ म्हणायला माझा हात धजत नाही. कोणाचं बरोबर?

पेठकर
व्याकरण सरळ आहे. ‘अक’ लागला की करणारा: बाधक, मारक, तारक. ‘इत’ लागला की ज्याला भोगावं लागलं तो: बाधित, पीडित, शोषित. रस्त्याला घर बाधक, रस्त्यामुळे घर बाधित. दोन्ही शब्द शुद्ध, अर्थ उलटे. अनुवाद करणाऱ्याने मूळ शब्द बदलू नये, म्हणून काका बरोबर. आणि ‘निर्माण’ मराठीत बांधकामासाठी वापरू नका. ती हिंदी आहे.

मालवकन्या
पेठकर, नोटिशीचा अनुवाद करायचा असता तर ऐकलं असतं. पण नोटीस त्यांची, अर्ज आमचा. आपल्याच अर्जात आपल्याला दुसऱ्याने दिलेलं नाव का लावायचं?

निवृत्त ओव्हरसियर
ताई, मी तीस वर्षं फीता धरला आहे, म्हणून हा शब्द कुठून येतो ते सांगतो. नकाशावर आधी मध्यरेषा ओढतात, आम्ही सेंटर लाइन म्हणतो. चाळीस फुटी रस्ता असेल तर मध्यापासून इकडे वीस, तिकडे वीस. त्या दोन रेषांच्या आत जे सापडेल ते यादीत जातं आणि यादीच्या डोक्यावर लिहिलेलं असतं ‘बाधक निर्माण’. पायरी, छज्जा, न्हाणी, तुळशीवृंदावन, कुणाची आख्खी पुढची खोली, सगळं एका खाली एक. लिहिणाऱ्याच्या मनात कुणाचा अपमान नसतो. रस्ता कागदावर आधी आलेला असतो, म्हणून घर आडवं आलंसं वाटतं. पण तुमचा प्रश्न वाचून काल रात्री झोप लागली नाही. तीस वर्षांत मी बाधकांच्या याद्या किती केल्या त्याचा हिशेब नाही, बाधितांची एकही केली नाही.

व्यवहाराचं म्हणाल तर नोटिशीचा क्रमांक आणि त्यांचा शब्द अवतरणात टाका. नाहीतर टेबलावरचा माणूस म्हणेल, ही हरकत कशावर आहे तेच कळत नाही.

जुनी इंदूरकर
आम्ही घरात बाधणे हा शब्द रोज वापरतो. रात्री काकडी खाल्ली की बाधते. लेकराला बाहेरची बाधा झाली की मीठमोहऱ्या ओवाळतो. बाधणारी गोष्ट नेहमी बाहेरून आत येते. घर कधी उठून कुणाला बाधायला गेलंय? बाई, तू ‘बाधित’च ठेव. आणि निशाण नेमकं कुठे आहे? ओटला जातोय की भिंत?

मालवकन्या
मावशी, ओटला पूर्ण आणि पुढच्या खोलीचे दीड हात. सासूबाईंना नोटीस वाचून दाखवली तर म्हणाल्या, “घर रस्त्यात आलं म्हणतात? घर जागचं हललेलं नाही. रस्ता आलाय.”

ओटला काळ्या दगडाचा आहे. उजव्या कोपऱ्यात वाटीएवढा खळगा पडलाय, आजेसासूबाई तिथे सुपारी फोडायच्या. आता त्यात पावसाचं पाणी साचतं आणि चिमण्या येतात. सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की गल्लीचे ओले-सुके डबे तिथेच रांगेत लागतात. नऊनंतर इस्त्रीवाले भैया टेबल लावतात. संध्याकाळी मात्र सासूबाईंची मंडळी बसते, तेव्हा टेबल हलवावंच लागतं. नोटिशीत याला ‘चबूतरा’ म्हटलंय आणि लांबी-रुंदी दिली आहे.

पेठकर
घराबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण शब्द म्हणून सांगतो, मराठीत ओटा. ‘ओटला’ गुजरातीवरून आलेला दिसतो. इंदूरची मराठी अशीच पातळ होत गेली आहे, तुम्ही जपणारी माणसं आहात म्हणून बोलतो.

जुनी इंदूरकर
आमच्याकडे ओटा म्हणजे स्वयंपाकाचा, गॅस असतो तो. ओटला म्हणजे दारापुढचा. दोन वस्तू, दोन शब्द. पातळ कुठे झाली, उलट एक शब्द जास्त आहे. बाखल म्हणजे काय माहीत आहे? टाटपट्टी बाखल इंदुरात आजही आहे. त्याला ‘आळी’ म्हणून चालणार नाही. बाखलीत एका तोंडाने आत जायचं आणि आत सगळी घरं एकमेकांकडे बघत असतात.

बडोदेकर
आमच्याकडे ओटलो. नुसत्या गप्पांच्या बैठकीला गुजरातीत ‘ओटला परिषद’ म्हणतात, आणि पोळीतले, म्हणजे आमच्या जुन्या गल्लीवस्तीतले, निम्मे निर्णय तिथेच होतात. पेठकर, सयाजीरावांनी राज्यकारभारासाठी ‘सयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा शब्दकोश करवून घेतला, १९३१ साली. मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली, संस्कृत आणि इंग्रजी, एका ओळीत शेजारी शेजारी. शेजारच्या रकान्यातला शब्द घेतला म्हणून भाषा बाटत नाही असंच त्या रचनेवरून वाटतं.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून. माझं पूर्वीपासूनचं मत: ओटा, ओटी, ओटला हे सगळे ‘ओठ’ या शब्दाचे भाऊबंद. दार हे तोंड, त्यापुढे आलेली कड म्हणजे ओठ.

पेठकर
कल्पना सुंदर आहे, पण ‘ओष्ठ’चा ‘ओठ’ होताना ठ टिकला. मग तो याच शब्दांत ट का झाला, ते आधी दाखवा.

मालवकन्या
मंडळी, बाधक-बाधितकडे परत येऊ या का? शनिवारपर्यंत अर्ज द्यायचाय. आणखी एक शब्द टोचतोय. नोटिशीत शेवटी आहे, ‘जनभागीदारीने हे काम पूर्ण करावे’.

पेठकर
लोकसहभाग लिहा. ‘जनभागीदारी’ हे संस्कृत शब्दाला फारसी शेपूट.

बडोदेकर
मी ‘भागीदारी’च ठेवीन. मराठीत भागीदार म्हणजे नफ्यातोट्यात वाटा असलेला, वह्या बघण्याचा हक्क असलेला. सहभाग काय, सभेत जाऊन बसलं तरी होतो. ते भागीदार म्हणत असतील तर म्हणा, मग मध्यरेषा आखताना आम्हाला बोलवा.

निवृत्त ओव्हरसियर
हे पटलं. इंदुराला हे नवीनही नाही. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबारासाठी काम करत होते, त्यांचा इंदूरवरचा अहवाल १९१८ चा. जुनी वस्ती सरसकट पाडून सरळ रस्ते काढायला त्यांचा विरोध होता. अगदी लागेल तेवढंच काढायचं आणि बाकीचं दुरुस्त करायचं, ही त्यांची पद्धत. शहरात प्लेग होता. दिवाळीला त्यांना एका दिवसाचा महाराजा केलं आणि त्यांनी दवंडी पिटवली: ज्या गल्ल्यांत सर्वांत जास्त साफसफाई आणि डागडुजी झाली असेल त्यांतून मिरवणूक जाईल. लोकांनी गाड्या भरभरून कचरा काढला, घरं रंगवली. मिरवणुकीत सफाई कामगार पांढऱ्या कपड्यांत, हार घालून चालले, आणि शेवटी घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर जाळला. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ सलग सात वेळा इंदूर पहिलं आलं, शेवटच्या वर्षी सुरतेबरोबर. तेही घराघरात ओला-सुका वेगळा झाला म्हणून. या शहरातले लोक कामाला नाही म्हणत नाहीत, त्यांना आधी विचारावं लागतं एवढंच.

लष्करवाला
गेडिसांच्या त्या पद्धतीला इंग्रजीत ‘कन्झर्व्हेटिव्ह सर्जरी’ म्हणतात, मराठीत काय म्हणाल? ‘जपून केलेली शस्त्रक्रिया’?

पेठकर
‘रक्षणपर शल्यकर्म’.

जुनी इंदूरकर
डागडुजी म्हणा. कळतं.

मालवकन्या
अर्ज काल दिला. शेवटी असं लिहिलं: ‘नोटिशीत ज्यांना “बाधक” म्हटले आहे अशी आमची घरे या रुंदीकरणाने बाधित होत आहेत.’ काकांनी दोनदा वाचलं आणि सही केली. पण सह्यांच्या वेळी नवीनच पेच पडला. वर मी ‘आम्ही खाली सही करणारे रहिवासी’ लिहिलं होतं. इस्त्रीवाले भैया अठरा वर्षं आमच्या ओटल्यावर आहेत, राहतात मात्र नदीपलीकडे. ते म्हणाले, मी कुठे रहिवासी? आणि सही न करता टेबल उचलून गेले.

बडोदेकर
२०१३ च्या भूसंपादन कायद्यातली बाधित कुटुंबाची व्याख्या बघा. मालकी नसली तरी आधीची तीन वर्षं त्या जागेवर ज्याची उपजीविका अवलंबून आहे, तोही तिच्यात येतो. म्हणजे भैया रहिवासी नसतील, बाधित नक्की आहेत.

निवृत्त ओव्हरसियर
तुमचं काम त्याच कायद्याखाली आहे का ते नोटिशीवरच्या कलमावरून कळेल. शहरी रुंदीकरण बरेचदा दुसऱ्या कायद्याने होतं. कलम आधी बघा, मगच व्याख्या लावा.

पेठकर
‘रहिवासी’ऐवजी ‘नागरिक’ लिहिलं असतं तर भैयांना सही करता आली असती.

जुनी इंदूरकर
नागरिक काय, सगळं इंदूर आहे. त्या ओटल्याशी नातं सांगणारा शब्द हवा. आम्ही ‘गल्लीतले’ म्हणतो. राहणारेही त्यात आले आणि येणारेही.

पेठकर
अर्जात ‘गल्लीतले’ शोभणार नाही.

जुनी इंदूरकर
का शोभणार नाही ते सांगा.

लष्करवाला
पेठकर, ठ-ट चं उत्तर राहिलं होतं. कोकणात घराच्या पुढच्या भागाला ‘ओटी’ म्हणतात, आणि ओटी भरतात तीही देहाची पुढचीच बाजू. दोन्हींत ‘पुढे असणं’ आहे. ओठांचं मी मागे घ्यायला तयार आहे, पण ओटीचं नाही.

निवृत्त ओव्हरसियर
ताई, तुम्ही तुमच्या बाजूचं माप दिलंत, समोरच्या बाजूचं नाही. मध्यरेषा कुठल्या खुणेपासून धरली ते दोन्ही मापं घेतल्याशिवाय कळणार नाही. रविवारी सकाळी फीता घेऊन येतो. भैयांनाही थांबायला सांगा, दुसरं टोक धरायला कुणीतरी लागेल.