शब्दचर्चा: सर्व्हरवरच्या 'परमिशन डिनाइड'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

टीमसाठी सेटअपच्या नोट्स मराठीत लिहितोय आणि एका शब्दावर गाडी अडलीय. रॉकी लिनक्सवर गेरिट (गिटवरचा कोड तपासायचं सॉफ्टवेअर) चढवलंय, पुढे अपाची वेब सर्व्हर रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून, म्हणजे बाहेरची मागणी घेऊन आत पोचवणारा, गेरिट आतल्या आत ८०८० पोर्टवर. सर्व्हरवरून कर्ल मारला (कमांडने पान मागवलं) की ८०८० व्यवस्थित उत्तर देतं, पण ब्राउझरमधून अपाचीच्या पत्त्यावर गेलं की ५०३ (सेवा उपलब्ध नाही). अपाचीच्या एरर लॉगमध्ये '(१३) परमिशन डिनाइड', पुढे १२७.०.०.१:८०८० ला कनेक्ट होता आलं नाही असं. मी नोट्समध्ये लिहिलं "परवानगी नाकारली", ते वाचून एका मुलाने गेरिटच्या अख्ख्या फोल्डरला चमॉड ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) मारलं, फरक शून्य. आमचे सीनियर म्हणतात हा परवानगीचा मामलाच नाही, सेलिनक्स (लिनक्समधला वेगळा सुरक्षा पहारा) आहे. मग परमिशनला म्हणायचं काय?

उत्तर

सीनियर बरोबर बोलतायत. १३ हा कर्नलचा एरर नंबर, तो दोन्हीकडून सारखाच येतो, फाइलच्या आरडब्ल्यूएक्सने (वाचा-लिहा-चालवा परवानग्यांनी) अडवलं तरी १३ आणि सेलिनक्सने अडवलं तरी १३, त्यामुळे अपाची बिचारा दोन्ही वेळा तेच छापतो. फरक बघायचा तर ऑडिट लॉग उघडा, ऑसर्च कमांडने एव्हीसीच्या (सेलिनक्सने अडवल्याच्या) ओळी काढा. तुमच्याकडे बहुतेक असं दिसेल: डिनाइड, महिरपी कंसात नेम_कनेक्ट, कॉम एचटीटीपीडी (म्हणजे अपाची), डेस्ट ८०८०, आणि शेवटाकडे टार्गेटला एचटीटीपी_कॅश_पोर्ट_टी (८०८० चं सेलिनक्समधलं नाव). आता या ओळीत फाइल कुठंय? कुठेच नाही, अपाचीला पोर्टकडे जायला अडवलंय, मग ७७७ काय करणार.

म्हणून माझं मत, तीन शब्द वेगळे ठेवा. फाइलचा मालक चमॉडने देतो ती परवानगी. सेलिनक्सने अडवलं की मज्जाव. आणि सेटसीबूल कमांडने जे बूलियन (सेलिनक्सचं चालू-बंद बटण) चालू करतो ती मुभा. तुमच्या नोट्समध्ये मग असं येईल: "अपाचीला ८०८० वर जायला मज्जाव आहे, एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट ही मुभा द्या." सेटसीबूलला मोठा पी लावा, नाहीतर रीबूटनंतर मुभा गेली. आणि ही मुभा फार सैल आहे बरं का, अपाची कुठल्याही पोर्टवर जाऊ शकतो. ८०८० पुरतं एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_रिले सुद्धा चालतं, आधी ते करून बघा.

उत्तर

मज्जाव झकास. मुभा पण पटलं, कारण मुभा वरून मिळते, मालकाच्या हातात नसते. खरा भेद तोच आहे की, चमॉड म्हणजे मालकाची मर्जी आणि सेलिनक्स म्हणजे मॅन्डेटरी, मालकाने सताड उघडं टाकलं तरी पॉलिसी नाही म्हणाली तर नाही. एनएसए या अमेरिकन गुप्तचर संस्थेने २००० साली हे खुलं केलं तेव्हापासून मुद्दा हाच.

आता पुढचा घोळ, सेलिनक्सचे दोन मोड, एन्फोर्सिंग आणि पर्मिसिव्ह. एका सरकारी छापाच्या पुस्तिकेत मी 'अनुज्ञात्मक' वाचलं, वाचून झाल्यावर पाणी प्यायलो. माझ्या मते एन्फोर्सिंगला सक्ती. पुण्यातल्यांना वेगळं सांगायला नको, हेल्मेटसक्ती असली की चौकात अडवून पावती फाडतात, आणि नसली की कॅमेऱ्यात नुसता फोटो निघतो, तुम्ही निघून जाता. पर्मिसिव्ह म्हणजे ते फोटोवालं, नियम तपासले जातात, लॉगमध्ये नोंद पडते, अडवत कुणी नाही. त्याला मी नुसती नोंद म्हणेन. 'मोकळीक' नको, लोकांना वाटतं सेलिनक्स बंद केलं. सेटएन्फोर्स ० (म्हणजे पर्मिसिव्ह) करून ५०३ गेला तर कळलं की मज्जाव होता, लगेच १ करा. तसंच सोडून कामाला लागणारे भरपूर पाहिलेत.

उत्तर

कॉन्टेक्स्टला (सेलिनक्स फाइलला चिकटवतं ती ओळख) कृपा करून 'संदर्भ' लिहू नका, कुणाला काही कळणार नाही. सगळे लेबल म्हणतात, लेबलच ठेवा. "लेबल चुकलंय, रिस्टोरकॉन मार" एवढं बोललं (रिस्टोरकॉन म्हणजे योग्य लेबल परत लावणारी कमांड) की ज्युनियर पोरगं पण समजतं. उदाहरणार्थ होम फोल्डरमध्ये बनवलेली फाइल एमव्हीने (हलवून) वेब फोल्डरमध्ये नेली तर ती जुनं यूजर_होम_टी लेबल घेऊन जाते आणि अपाची वाचू शकत नाही, सीपी (कॉपी) केली तर नव्या जागेचं लेबल लागतं. फाइलींची यादी देणाऱ्या एलएसला मोठा झेड लावला की लेबल दिसतं.

प्रश्नकर्ता

रिले चालू केलं आणि पेज उघडलं, धन्यवाद! नोट्समध्ये तिन्ही शब्द टाकले. आता गिट पुश जात नाहीये, गेरिटच्या २९४१८ पोर्टवर 'नो रूट टू होस्ट' (त्या मशीनकडे जायचा मार्गच नाही) येतंय. पिंग तर होतंय. हा पण मज्जाव का?

उत्तर

नाही हो, हे फायरवॉलडीचं (सर्व्हरवरच्या फायरवॉलचं) काम आहे. तो पॅकेट गिळून टाकत नाही, उलट निरोप पाठवून नाकारतो, आणि तुमच्या मशीनवर त्याचं भाषांतर 'रूट नाही' असं होतं. रूट छान आहे, म्हणून तर पिंग होतंय. नोट्समध्ये "पोर्ट बंद आहे" लिहा, बास.

आणि पोर्ट उघडताना 'पर्मनंट'ला फसू नका. सेटसीबूलचा मोठा पी आत्ताही लागू होतो आणि पुढेही राहतो. फायरवॉल-सीएमडीत (फायरवॉलडीची कमांड) पर्मनंट लिहिलं तर ते फक्त साठवलं जातं, आत्ता काही बदलत नाही, रीलोड मारावा लागतो. म्हणजे दोन्हीला 'कायम' लिहिलंत तर पोरं पुन्हा गोंधळणार, तिथे "साठवा, मग रीलोड" असं सरळ लिहा.