दाढदुखीची रात्र कशी काढलीत? अनुभव लिहा

दवाखाना उघडतो सकाळी दहाला आणि दाढ ठणकायला लागते रात्री अकराला. मधले तास कसे काढायचे, एवढाच या धाग्याचा विषय. किडलेली दाढ घरी बरी होत नाही, त्यामुळे 'कायमचा इलाज' इथे नको. काय केलंत, किती वेळ आराम पडला आणि नंतर डॉक्टर काय म्हणाले, तेवढं लिहा. लवंग वापरली असेल तर कशी वापरली तेही सांगा, सगळा फरक तिथेच पडतो.

माझ्यापासून सुरुवात करते. खालची डावी दाढ. आडवं पडलं की ठणका वाढायचा, उठून बसलं की उतरायचा. झोपल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि सुजलेल्या नसेला दाढेच्या आत पसरायला जागाच नसते. म्हणून उशांची चळत लावून अर्धवट बसूनच झोपले. त्याआधी ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्या आणि दोन दातांमध्ये अडकलेला चिकूच्या सालीचा तुकडा फ्लॉसने काढला. निम्मा ठणका त्यानेच कमी झाला. रुमालात बर्फ गुंडाळून गालावर बाहेरून धरला, खाऊन पॅरासिटामॉल घेतली. पहाटेपर्यंत झोप लागली. पुढे रूट कॅनल झालंच.

पाटावरवंटा, कोल्हापूर
लवंगेबद्दल. अख्खी लवंग दुखऱ्या दाढेजवळ धरायची, लाळेने मऊ झाली की हलकेच चावायची. चुरचुरतं आणि मग तो भाग बधिर होतो. तेल वापरायचं तर थेंबभर लवंग तेल थोड्या खोबरेलात मिसळून, कापसाच्या बोळ्याने फक्त दाढेला लावायचं. नुसतं तेल हिरडीला लागलं तर भाजतं, आमच्या जावेची हिरडी पांढरी पडली होती. लवंगेतल्या युजेनॉलमुळे बधिरता येते. दातांच्या दवाखान्यात जो वास येतो तो पुष्कळदा त्याचाच, कारण तात्पुरत्या फिलिंगमध्ये झिंक ऑक्साइडबरोबर तेच असतं. लहान मुलांना मात्र हे तेल देऊ नका, पोटात गेलं तर विषारी आहे.

माळरान, बीड
आमच्याकडे बाजाराच्या दिवशी 'दाढेतली कीड काढणारे' यायचे. निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकायच्या, नळीने धूर दाढेवर घ्यायचा आणि मग पाण्यात पडलेले पांढरे कण दाखवून म्हणायचे, 'हे बघा किडे!' माझ्या आईने ही धुरी घेतली होती. काही दिवसांनी तिची कळ खरंच थांबली. घरात सगळ्यांना वाटलं, धुरीनेच गुण आला. शेजारच्या दोघी-तिघी मग त्याच माणसाकडे जाऊन आल्या.

पुढे आईचा गाल सुजला. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवत समजावलं, की दाढेत किडे नसतातच. साखरेवर जगणारे जंतू आम्ल तयार करतात, त्याने दात पोखरतो. कळ थांबली ती आतली नस मेली म्हणून. संसर्ग तसाच मुळातून हाडाकडे उतरत होता. दाढ काढावी लागली. मला आजही याचं फार वाईट वाटतं, कारण ठणका होता तेव्हाच गेलो असतो तर दाढ वाचण्यासारखी होती. कळ आपोआप गेली तर उलट लवकर जा, हे गावात भेटेल त्याला सांगतो.

मिश्रीचंही तेच. दाढ दुखते म्हणून बाया तंबाखूची मिश्री लावायला लागतात. दाढ जाते, मिश्री राहते. तोंडाच्या कॅन्सरचं भय वेगळंच.

दंतवैद्य, नाशिक
माझ्या खुर्चीत रोज दिसतं ते सांगतो. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका, आम्लाने जखम होते. गालाला गरम शेक नको, थंडच बरा. घरात उरलेल्या अँटिबायोटिकने नसेचं दुखणं थांबत नाही. प्रौढांना पॅरासिटामॉल २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नको, आणि सर्दीच्या गोळीतही ती असते हे हिशोबात धरा. आयब्युप्रोफेन दातदुखीवर चांगली चालते, पण अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर घेऊ नका. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर अजिबात नको.

सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, तोंड उघडेना, गिळता किंवा श्वास घेता येईना, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच मोठं हॉस्पिटल गाठा. एरवी खर्चाच्या भीतीने थांबणाऱ्यांसाठी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत नायरही आहे.

संत्रानगरी
वरच्या सगळ्याच दाढा एकदम दुखत होत्या, वाकलं की जास्त. डॉक्टर म्हणाले दात ठणठणीत आहेत, सायनस भरलंय. वाफ घेतल्यावर बरं वाटलं. आणि एक. माझ्या काकांचा डावा जबडा जिना चढताना दुखायचा, थांबलं की राहायचा. ते हृदयाचं निघालं.

टेम्सकाठ
इंग्लंडमधल्या मराठी मंडळींसाठी: नेहमीचा डेंटिस्ट नसेल तर १११ ला फोन करा, तातडीची अपॉइंटमेंट कुठे मिळेल ते सांगतात.

सहावा महिना
अक्कलदाढेवरची हिरडी सुजली आहे. पोटात बाळ आहे म्हणून घरचे दवाखान्यात नको म्हणतात. काय करू?

दंतवैद्य, नाशिक
ताई, जरूर जा. गरोदरपणात दातांवर उपचार करता येतात, आणि मधले तीन महिने त्यासाठी सगळ्यात सोयीचे. हिरडीखाली अडकलेलं अन्न तिथे धुऊन काढतील. तोवर मिठाच्या गुळण्या करा, मऊ ब्रशने ती जागा स्वच्छ ठेवा. गोळी लागलीच तर तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना विचारून पॅरासिटामॉल घ्या, आयब्युप्रोफेन नको. लवंग तेलही राहू द्या. आणि कितवा महिना आहे ते खुर्चीत बसण्याआधीच सांगा.